परतीचा वारा बघून शीड बांधा

केळव्याच्या किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंगची फळी उतरवली की चार पोरं जमतात आणि विचारतात, "काका, हे केवढ्याला येतं?" हल्ली त्यांच्या मागे उभे असलेले पंचविशी-तिशीतले तरुणही पुढे येतात. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, हातात थोडा पैसा, समुद्र घरापासून अर्ध्या तासावर. मनात हौस येणारच. त्यांना मी किमतीच्या आधी शिडाबद्दल सांगतो. फळी थोडी चुकली तर खेळात मजा कमी येते. शीड चुकलं तर आपल्या किनाऱ्यावर जिवाशी गाठ पडते.

मी हा खेळ गोव्यात, करंझाळे-दोनापावलाच्या पाण्यात शिकलो. डेन आणि कात्या कोएल्हो ही गोव्याची भावंडं या खेळात भारताकडून उतरली, तेव्हापासून अनेक मराठी घरांत त्याचं नाव पोचलं. ऑलिम्पिकमध्ये विंडसर्फिंग १९८४ पासून आहे. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ईबाद अलीने त्यात भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. कौतुक वाटावं असंच हे सगळं आहे. पण गोव्याची आखाती खाडी वेगळी आणि पालघरचा उघडा, उधाणाचा किनारा वेगळा. इथे काय होऊ शकतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

धुळवडीची सुट्टी होती. कंपनीतला एक तरुण सहकारी जुना संच विकत घेऊन आला होता. वजन बासष्ट किलो, पोहणं उत्तम, मुंबईत थोडं शिक्षण घेतलेलं. विकणाऱ्याने त्याला साडेसात चौरस मीटरचं एकच शीड दिलं होतं, तेही शर्यतीचं, आणि वर सांगितलं होतं, "हे सगळ्या वाऱ्याला चालतं." मी केळव्याला पोचलो तेव्हा दीड वाजला होता आणि तो आधीच पाण्यात होता. बाराच्या सुमारास, भरती पूर्ण असताना तो उतरला होता. तेव्हा वारा आठेक नॉट असावा; नवख्याला अगदी सुखाचा.

दोनच्या पुढे समुद्राचा रंग बदलला. आधी लांबवर एखाददुसरा पांढरा फेस दिसत होता, मग सगळं पाणी पांढऱ्या ठिपक्यांनी भरलं. सुरूचे शेंडे एका बाजूला वाकून तसेच राहिले. हातातलं वारामापक मी वर धरलं तर आकडा वीस नॉटवर. तो पडला, उठला, पुन्हा पडला. नंतर नंतर शीड पाण्यातून वर येईचना. वायव्येचा वारा त्याला दक्षिणेकडे, दांडाखाडीच्या मुखाकडे रेटत होता आणि ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर ओढत होतं. किनाऱ्यावरून हाका मारून उपयोग नव्हता. खाडीतून निघालेली एक होडी आम्ही हातवारे करून तिकडे वळवली. त्या लोकांनी आधी त्याला वर घेतलं, मग शीड. शिडाच्या पुढच्या कडेला डोलकाठीभोवती कापडाची रुंद खोळ असते. ती पाण्याने भरली होती. दोन तगडे कोळी ओढत होते तरी शीड हलेना. खोळीचं तोंड खाली केल्यावर पाणी धो धो बाहेर पडलं तेव्हा कुठे ते होडीत आलं. तेच शीड तो एकटा, दमलेल्या हातांनी, लाटांत उभा राहून वर काढायला बघत होता. डोलकाठी मधल्या जोडात मोडली होती. त्याचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते.

होडीच्या तांडेलांनी त्याला पाणी पाजलं आणि एकच वाक्य बोलले: "जाताना लागतं तेवढं शीड नाही बांधायचं दादा, येताना पेलेल तेवढं बांधायचं." त्यांच्या वडिलांच्या काळात होडीला यंत्र नव्हतं. शिडावर जाऊन शिडावरच परत यायचं, म्हणून हा नियम त्यांच्या घरात मुरलेला. पुढे मी जे काही सांगणार आहे ते या एका वाक्याचाच विस्तार आहे.

आधी हिशेब समजून घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आठ नॉटचा वीस झाला म्हणजे वेग अडीचपट आणि जोर सव्वासहापट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, हवामान खात्याचा अंदाज किलोमीटरमध्ये असेल तर आधी नॉट करून घ्या. मग एक ढोबळ सूत्र वापरा: आपलं वजन किलोत घ्या, १.४ ने गुणा आणि वाऱ्याच्या नॉटने भागा. येईल तेवढ्या चौरस मीटरचं शीड. सत्तर किलोच्या माणसाला चौदा नॉटला सात, अठराला साडेपाचच्या आत, बावीसला साडेचार. माझ्या सहकाऱ्याला वीस नॉटमध्ये सव्वाचार-साडेचार पुरलं असतं. त्याच्या हातात साडेसात होतं. हे सूत्र साधारण बारा ते पंचवीस नॉटपर्यंत आणि फळी पाण्यावर घसरवता येणाऱ्यांसाठी आहे. नवख्या प्रौढाने हलक्या वाऱ्यात चार-पाच चौरस मीटरवरच शिकावं, मुलांना दोन ते साडेतीन पुरे.

सूत्रात कोणता वारा घालायचा, हा खरा प्रश्न. इथे आपल्या किनाऱ्याची घडी माहीत हवी. थंडीच्या सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. सुरूच्या आडोशाला पाणी आरशासारखं दिसतं, म्हणून मोह होतो. पण आडोसा संपला की तोच वारा जोर धरतो आणि तुम्हाला आत नेतो. मतलईवर पाण्यात उतरू नका, शीड कितीही लहान असो. मार्च ते मे खारा वारा साधारण अकरा-बाराला सुटतो, हळूहळू वायव्येला फिरतो, तीन-चारच्या सुमारास भरात येतो आणि सूर्यास्ताकडे बसतो. म्हणून बाराला उतरताना सूत्रात तीनचा वारा घाला. बोईसरहून निघतानाच कारखान्यांच्या धुराकडे बघा. धूर अजून समुद्राकडे कललेला असेल तर खारा वारा सुटलेला नाही, थांबा. पावसाळ्यात तर विषयच नाही: १ जून ते ३१ जुलै आपले मच्छीमारसुद्धा बंदीमुळे होड्या ओढून ठेवतात. ज्या समुद्रात तांडेल जात नाही तिथे हौशी माणसाचं काय काम?

वाऱ्याइतकंच पाणी बघा. उधाणाच्या दिवशी इथे भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा-अमावस्येला ती सव्वाअकराच्या सुमारास येते, प्रतिपदेला बारा ते पाऊणच्या दरम्यान. म्हणजे त्या दिवशी दुपारभर, वारा ऐन भरात असताना पाणी ओसरत असतं. वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून आलं की लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि फळीवर पाय ठरत नाही. धुळवडीला नेमकं हेच झालं. याउलट अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. दुपारी पाणी चढत असतं, भांगाचं असल्याने ओढ कमी असते आणि ते तुम्हाला किनाऱ्याकडे आणतं. आपल्या भागात शिकायला अष्टमी-नवमीच्या आगेमागेचे दिवस घ्या. उधाणाला बाहेर जाणारच असाल तर शीड सूत्रापेक्षा अर्धा-पाऊण मीटर कमी घ्या आणि ओहोटी लागायच्या आत परत या.

आता खरेदी. शिकून झाल्यावर एकच शीड घ्यायचं असेल तर साडेपाचच्या आसपासचं घ्या. त्याने हलक्या वाऱ्यात थोडा कंटाळा येईल, पण वाढत्या वाऱ्यात तुम्ही घरी याल. दोन घेता आली तर साडेपाच आणि साडेसहा घ्या, आणि दोन्ही ४३० सेंटिमीटरच्या एकाच डोलकाठीवर बसतात याची खात्री करा. डोलकाठीची आणि बूमची, म्हणजे हातात धरायच्या आडव्या दांडीची, लांबी शिडावरच छापलेली असते. "दुसरीही चालेल" असं विकणारा म्हणाला तर घेऊ नका. डोलकाठीचा वाक वेगळा असला की शिडाचा आकारच बसत नाही. शर्यतीची, रुंद खोळीची शिडं नवख्याने टाळावीत. कारण तुम्ही वर वाचलंच. टीव्हीवर पॅरिस ऑलिम्पिकचे पुरुष नऊ चौरस मीटरचं आणि स्त्रिया आठचं शीड लावून उडताना पाहिल्या असतील. तो त्या स्पर्धेचा नियम आहे, त्यांच्या फळीखाली पाण्याबाहेर उचलणारं पातं आहे, वर्षानुवर्षांचा सराव आहे आणि शेजारी बचावाच्या बोटी आहेत. केळव्याला यातलं काहीच नाही.

जुनं शीड घेताना उन्हाकडे धरून बघा. पारदर्शक भाग पिवळट पडला असेल, बोटांनी हलकं वाकवल्यावर कडकड वाजत असेल किंवा शिवणीचा दोरा नखाने ओढल्यावर तुटत असेल तर ते ऊन खाऊन संपलेलं आहे. नव्याचीही निगा ठेवा: गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, घडी न घालता गुंडाळा आणि मे महिन्यात गाडीत टाकून ठेवू नका.

शीड बरोबर असलं तरी ताण चुकला तर ते चुकीचंच ठरतं. वाळूवर पसरून डोलकाठीच्या बुडाकडची दोरी ओढायला लागा. नवखा माणूस शीड सपाट, गुळगुळीत दिसेपर्यंत ओढून थांबतो. तिथे थांबायचं नसतं. वरच्या दोन-तीन पट्ट्यांमध्ये मागची कड सैल पडून लोंबायला लागेपर्यंत ओढा. दिसायला ते ढिलं दिसतं, पण झोत आला की तोच सैल भाग मागे वळून जास्तीचा वारा सोडून देतो आणि तुमच्या हातांवरचा भार हलका होतो. बूमच्या टोकाची दोरी हलक्या वाऱ्यात थोडी सैल ठेवा म्हणजे शिडाला पोट येतं. वारा वाढला की ती ओढून शीड सपाट करा. एवढं करूनही हात भरून येत असतील तर शीड मोठं आहे. किनाऱ्यावर या आणि बदला. बदलायला दुसरं नसेल तर त्या दिवशीचा खेळ संपला.

आणि वारा अंगावर आलाच, शीड उचलेना झालं, तर फळी सोडू नका. फळी तरंगते, माणूस दमतो. उरलेली ताकद शीड उचलण्यात घालवू नका. आधीच ठरवल्याप्रमाणे शीड सोडवून गुंडाळा, फळीवर आडवं टाका, वर पोटावर झोपा आणि हातांनी वल्हवा. हा सराव शांत पाण्यात आधी करून ठेवायचा असतो.

जागेबद्दल दोन शब्द. तारापूर अणुऊर्जा केंद्रासमोरच्या समुद्राकडे फिरकू नका. तो सुरक्षेचा भाग आहे. चिंचणीहून उतरणाऱ्याने ध्यानात ठेवावं की वायव्येचा वारा त्याच दिशेला ढकलतो, म्हणून सुरुवात उत्तरेकडे चढत करावी. डोलजाळ्यांचे खुंट आणि बोये कुठे आहेत ते स्थानिक मच्छीमारांना विचारून घ्या. मांगेला, वैती समाजातली जाणती माणसं आपुलकीने सांगतात, फक्त विचारायला जायला हवं. निघण्याआधी सागरी पोलीस ठाण्यात कल्पना द्या, इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा, अंगात जीवरक्षक जाकीट घाला, एक माणूस किनाऱ्यावर ठेवा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये असू द्या.

हा खेळ आपल्या मुलांनी खेळावा असं मला मनापासून वाटतं. एवढा लांब किनारा, वर्षातले किती महिने भरवशाचा वारा, आणि शिडावर दर्या कापलेल्या पिढ्यांचं ज्ञान अजून शेजारच्या घरात जिवंत आहे. फक्त शीड घेताना विकणाऱ्याचं ऐकण्याआधी तांडेलांचं ऐका. निघताना वारा कितीही गोड वाटो, परततानाचा वारा आणि परततानाचं पाणी यांचा हिशेब करूनच शीड बांधा. हिशेब जमत नसेल त्या दिवशी किनाऱ्यावर थांबा. खारा वारा उद्याही सुटणार आहे.