ज्येष्ठांचा आरोग्यविमा: एजंटाच्या हातात नेमकं काय पडतं?

‘पगार किती?’ हा पालकांचा पहिला प्रश्न. आरोग्यविम्याच्या एजन्सीत त्याचं उत्तर सरळ आहे: शून्य. एजंट कंपनीचा नोकर नसतो. त्याला पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. पॉलिसी झाली तर कमिशन, नाही झाली तर पेट्रोलचा खर्चही आपलाच.

प्रवेश मात्र सोपा आहे. वय 18 पूर्ण, शिक्षण किमान दहावी, 25 तासांचं प्रशिक्षण आणि आयसी-38 ही परीक्षा. ती मराठीतूनही देता येते. दार इतकं उघडं असल्यामुळेच ‘काहीच जमलं नाही तर एजन्सी घे’ असं घरात बोललं जातं, आणि तिथेच गडबड होते.

आता पैशांचं बघू. 2023 पर्यंत वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवर एजंटाला जास्तीत जास्त 15 टक्के कमिशन देता येत असे. 1 एप्रिल 2023 पासून विमा नियामक ‘इर्डाय’ने ही स्वतंत्र मर्यादा काढली. आता कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा आहे आणि त्यात राहून कमिशनचा दर कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. हिशोबापुरते 15 टक्केच धरू. अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाचा प्रीमियम समजा 12,000 रुपये, तर एजंटाला 1,800. पासष्टीच्या जोडप्याचा प्रीमियम 60,000, तर 9,000. ज्येष्ठांकडे एजंट का वळतात, हे एवढ्यावरून कळेल. शिवाय आयुर्विम्यात पहिल्या वर्षी कमिशन घसघशीत आणि नंतर घसरत जातं. आरोग्यविमा दरवर्षी रिन्यू करावा लागतो आणि रिन्यूअलवरही कमिशन मिळत राहतं. टिकलेले ग्राहक हीच इथली कमाई.

कात्रीही लागते. वर्षाचं कमिशन 20,000 च्या वर गेलं की 2 टक्के टीडीएस कापला जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. ग्राहक खूश झाले, पण कंपन्यांचं इनपुट क्रेडिट (स्वतः भरलेल्या जीएसटीची वजावट) बंद झालं आणि अनेक कंपन्यांनी तो भार एजंटांच्या कमिशनवर ढकलला. ‘तुझ्या कमिशनमधले थोडे आम्हाला सोड’ असं म्हणणारे शेजारी भेटतीलच. तशी सूट देणं विमा कायदा 1938 च्या कलम 41 नुसार गुन्हा आहे.

खरी कसोटी प्रपोजल फॉर्म भरताना लागते. आजोबा सांगतात, ‘साखर आहे, पण गोळी अर्धीच घेतो. ते कशाला लिहितोस?’ लिहिलं तर मेडिकल टेस्ट लागेल, प्रीमियम वाढेल, कदाचित प्रपोजलच नाकारलं जाईल. महिनाभराच्या चकरा पाण्यात. नाही लिहिलं तर कमिशन लगेच जमा, आणि दोन वर्षांनी आजोबा आयसीयूत असताना क्लेम नामंजूर. त्या वेळी फोन कंपनीला नाही, एजंट झालेल्या तुमच्या मुलाला येणार. ‘तीन लाखांच्या बिलात 20 टक्के को-पेमेंट, म्हणजे 60 हजार तुमच्या खिशातून’ हे सही घेण्याआधी सांगणं आणि मधुमेह ठळक अक्षरांत लिहिणं, हे ज्याला जमत नाही त्याने या कामात पडू नये. तो पहिल्या वर्षी कमावेल आणि तिसऱ्या वर्षी गल्ली बदलेल.

आणखी एक पेच. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळू शकतं. यात एजंटाला दमडीही मिळत नाही. तरीही आयुष्मान कार्ड काढायला आधी सांगणारा एजंट मी चांगला मानतो. अशाच माणसाकडे त्या घरातली मुलं-सुना स्वतःची पॉलिसी घ्यायला येतात.

भरतीला जाताना पालकांनी सोबत जायला हरकत नाही. रिन्यूअलचा दर किती, एजन्सी सोडली तर चालू पॉलिसींच्या कमिशनचं काय, क्लेमच्या वेळी शाखेतलं कोण मदत करणार, हे लेखी मागा. समोरच्या मॅनेजरची प्रगती त्याच्या हाताखालच्या एजंटांच्या धंद्यावर ठरते, हे ध्यानात ठेवून त्याचं बोलणं ऐका. ‘नात्यातल्या वीस जणांची यादी आण’ असं पहिल्याच भेटीत ऐकू आलं, तर चहा पिऊन घरी या.

पहिली दोन-तीन वर्षं घराला या कमाईची गरज नसेल, तरच पूर्णवेळ उतरा, नाहीतर बी.कॉम. करता करता सुरू करा. दरम्यान मुंबईच्या भारतीय विमा संस्थेची लायसेन्शिएट परीक्षा दिली, तर पुढे ब्रोकर कंपनीत किंवा क्लेम हाताळणाऱ्या टीपीएमध्ये महिन्याच्या पगाराची नोकरी मागताना ती उपयोगी पडते.