वैमानिकाच्या परवान्यानंतरची पायरी : प्रवासी विमानाचे ‘टाइप रेटिंग’

खानदेशच्या आकाशात प्रशिक्षण विमानांची घरघर आता नवलाची राहिलेली नाही. धुळ्याजवळील गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण प्रशिक्षण चालते. हा क्लब १९२८ साली मुंबईत जुहू येथे सुरू झालेला असून जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ साली भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळविला, तो येथेच शिकून. शिरपूर तालुक्यातील तांडे येथील धावपट्टीवरही वैमानिक घडविले जातात. २०२१ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी यांच्या जोडीला जळगावही होते. साहजिकच कापूस-केळीच्या या मुलखातील पालकही मुलामुलींना वैमानिक करण्याचा विचार करू लागले आहेत आणि त्यासंबंधीचा सल्ला ते गावातील शिक्षक, ग्रामसेवक वा पंचायत सदस्य यांच्याकडे मागतात.

या सल्ल्यात एक मुद्दा बहुधा निसटतो. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती आला म्हणजे शिक्षण संपले, असे कुटुंब धरून चालते. या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि ते बहुतांशी एका इंजिनाच्या लहान विमानावर होते. ‘सेसना १७२’ या परिचित प्रशिक्षण विमानाचे उड्डाणसमयीचे कमाल वजन सुमारे ११०० किलो, तर ‘एअरबस ए ३२०’ चे ७५ टनांहून अधिक. त्यामुळे मोठ्या विमानाच्या प्रत्येक जातीसाठी परवान्यावर स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते. हिलाच ‘टाइप रेटिंग’ म्हणतात. मोटारीच्या परवान्यावर एस. टी. ची गाडी चालविता येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे नियम त्याहूनही काटेकोर आहे. एअरबसची नोंद असलेल्या वैमानिकाला त्या नोंदीवर बोइंग चालविता येत नाही.

विमानाची निवड

म्हणूनच कोणत्या विमानाचे रेटिंग घ्यावे, हा प्रश्न खर्चाइतकाच महत्त्वाचा ठरतो. भारतात नवोदितांपुढे प्रामुख्याने तीन पर्याय असतात. ‘ए ३२०’ कुटुंबातील विमाने इंडिगो व एअर इंडिया यांच्या ताफ्यात मोठ्या संख्येने आहेत. ‘बोइंग ७३७’ एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा आणि स्पाइसजेट यांनी वापरले आहे. तिसरे ‘एटीआर ७२’ हे पंख्याचे, सत्तरेक आसनांचे विमान. लहान शहरांच्या सेवेत तेच अधिक दिसते. २०२४ मध्ये फ्लाय ९१ कंपनीने गोवा व हैदराबाद येथून जळगावला सेवा सुरू केली, ती याच विमानाने.

एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची व इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदविली. या आकड्यांनी अनेकांना भुरळ पडली. परंतु मागणी नोंदविलेली विमाने एका वर्षात येत नाहीत, ती टप्प्याटप्प्याने अनेक वर्षे येत राहतात. शिवाय नवे विमान आले की प्रथम अनुभवी कॅप्टन लागतो. दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. २०१२ साली किंगफिशरची, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली, तेव्हा रेटिंग असलेले आणि त्या विमानावर शेकडो तास उडालेले वैमानिक एकाच वेळी नोकरीच्या शोधात बाहेर पडले. ज्याच्या नोंदवहीत त्या विमानाच्या नियमित सेवेचा एकही तास नाही, असा नवशिका अशा वेळी रांगेत अगदी मागे राहतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विमान स्वतःच्या आवडीने निवडण्याऐवजी कंपनीच्या गरजेने निवडले जावे. कंपनीने प्रथम निवड करावी आणि तिच्या विमानाचे रेटिंग नंतर घ्यावे, हा क्रम सर्वांत सुरक्षित. कंपन्यांच्या कॅडेट योजनांत हे प्रशिक्षण अंतर्भूत असते; खर्च बहुधा उमेदवाराचाच असतो, परंतु कोणते विमान आणि कोणती कंपनी हे आधी ठरलेले असते. याउलट कोणाचेही बोलावणे नसताना ‘रेटिंग घेतले की नोकरी लागेलच’ या भरवशावर स्वखर्चाने ते घेणे म्हणजे बाजारभाव न पाहता साऱ्या शेतात एकच पीक लावण्यासारखे आहे. शिवाय हे कौशल्य साठवून ठेवता येत नाही. सराव व ठरावीक मुदतीच्या चाचण्या चुकल्या की पुन्हा सिम्युलेटरवर बसून पैसे मोजावे लागतात.

पैशाची बाजू

परवान्यापर्यंतचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो आणि रेटिंगसाठी आणखी दहा ते वीस लाख वा अधिक लागतात. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपुढील कर्जास तारण द्यावे लागते. येथे खानदेशी शेतकऱ्याची अडचण होते. २००२ च्या सरफेसी कायद्याखालील वसुलीची तरतूद शेतजमिनीस लागू नसल्याने केवळ सातबाऱ्यावर एवढे कर्ज देण्यास बँका सहसा राजी नसतात. मग राहते घर तारण पडते किंवा जमीन विकली जाते. रेटिंगचा खर्च मूळ कर्जात धरला आहे की नाही, हे पहिल्याच अर्जाच्या वेळी विचारावे, कारण परवाना मिळाल्यावर दुसऱ्या कर्जासाठी दुसरे तारण उरलेले नसते. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील उमेदवारांसाठी ‘महाज्योती’ने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबविली आहे, अशा योजनांची माहिती वेळेवर पोहोचविणे पंचायतींना सहज शक्य आहे. रेटिंग देणारी संस्था व तिचा सिम्युलेटर, मग तो परदेशात का असेना, यांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असल्याची खात्री पैसे भरण्यापूर्वी करून घ्यावी. आणि या सर्वांच्या आधी, अगदी पहिल्या हप्त्यापूर्वी, प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी.

अभ्यासक्रम आणि पूर्वतयारी

अभ्यासक्रम साधारणतः दीड-दोन महिन्यांचा असतो. आरंभी वर्गात व संगणकावर विमानातील वीज, इंधन, हवेचा दाब, चाके, स्वयंचलित चालन इत्यादी यंत्रणांचा अभ्यास होऊन परीक्षा होते. त्यानंतर सिम्युलेटर. हा खऱ्या विमानाच्या चालककक्षाची हुबेहूब प्रतिकृती असलेला, हालणारा कक्ष होय. उड्डाणाच्या ऐन क्षणी इंजिन बंद पडणे, धूर होणे, धावपट्टी न दिसणे असे प्रसंग येथे पुनःपुन्हा उभे केले जातात. प्रत्यक्ष आकाशात त्यांचा सराव करणे परवडणारे नाही.

सिम्युलेटरमध्ये नवशिका अडखळतो तो बहुधा नव्या यंत्रणांमुळे नव्हे, तर जुना पाया कच्चा असल्यामुळे. बाहेर न पाहता केवळ उपकरणांवरून विमान सरळ ठेवता येत नसेल, तर महागडे तास त्यातच खर्ची पडतात. म्हणून परवाना व रेटिंग यांमधील प्रतीक्षाकाळात उपकरण-उड्डाणाचा सराव टिकवावा. कक्षाची मोठी चित्रे भिंतीवर लावून हात कोणत्या क्रमाने कोठे जातो, याचा सराव करण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. तोंडी हिशेबही हवा. खाली उतरताना दर हजार फुटांस तीन सागरी मैल, या ढोबळ नियमाने ३०,००० फुटांवरून उतरण्यास किती अंतर आधी सुरुवात करावी? उत्तर ९० मैल; वैमानिकाला ते बोलता बोलता काढता आले पाहिजे.

शिक्षकांना वर्गात सांगण्याजोगे उदाहरण तर दाराशीच आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंशांपर्यंत चढते. तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची शक्ती घटते व धावपट्टी अधिक लागते. अशा दुपारी विमानात किती वजन घेता येईल, याचे गणित रेटिंगमध्ये शिकविले जाते. त्याचे मूळ आठवी-नववीच्या विज्ञानात आहे. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला भीती वाटते ती इंग्रजीची. परंतु येथे लागणारे इंग्रजी नेमके, मोजके व मोठ्याने बोलण्याचे असते, आणि ते सरावाने येते.

सर्वांत अवघड धडा वेगळाच आहे. प्रवासी विमान दोघे मिळून चालवितात. एक चालवितो, दुसरा लक्ष ठेवतो व चूक दिसताच बोलतो. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ धावपट्टी ओलांडून दरीत गेले व १५८ जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर नेण्यास सांगितले होते, तरीही उतरणे चालूच राहिले, असे चौकशीत आढळले. वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालण्याच्या संस्कारात वाढलेल्या मुलाला वीस वर्षांच्या अनुभवी कॅप्टनला ‘थांबा, पुन्हा वर न्या’ असे ठामपणे सांगणे जड जाते. कॅप्टननेही ते ऐकणे तितकेच जरुरीचे असते. शाळेतील वक्तृत्व, गटकार्य व प्रश्न विचारण्याची मुभा यांचा येथे थेट उपयोग होतो, हे फार थोड्या पालकांच्या ध्यानात येते.

सिम्युलेटरची कौशल्य चाचणी उत्तीर्ण झाल्यावर नवोदिताला प्रत्यक्ष विमानावर उड्डाण व उतरण्याचा सराव दिला जातो आणि मगच परवान्यावर नोंद होते. पुढे कंपनीत प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रवाशांसह उड्डाणे सुरू होतात. आरंभीच्या फेऱ्यांत मागील आसनावर आणखी एक वैमानिक सुरक्षेसाठी बसलेला असतो. नियमित सहवैमानिक म्हणून नेमणूक होईपर्यंत असे काही महिने जातात. या काळातील मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत राहण्याचा खर्च आणि कर्जाचे व्याज कुटुंबाने आरंभीच हिशेबात धरलेले असावे.