एका दिवसात दोन देवळं?

प्रश्न : लक्झरमध्ये एकच दिवस मोकळा आहे. गाइडसोबत अबायडोस आणि डेंडेरा दोन्ही होईल का? आई सत्तरीची आहे.

उत्तर : होईल, पण पहाटेच निघा. आधी लांबचं अबायडोस गाठा, सुमारे १६० किलोमीटर. डेंडेरा परतीच्या वाटेवर येतं. अबायडोसला पहिल्या सेतीच्या देवळात ७६ राजांची नामावली कोरलेली भिंत आहे, ती गाइडकडून सावकाश समजून घ्या. तिथले रंग तीन हजार वर्षांनंतरही इतके ताजे, की माझा तरी पाय निघत नाही. डेंडेराला हाथोरच्या मंदिरात काजळी काढल्यावर उजळलेलं निळं छत पाहा. गच्चीवरच्या राशिचक्राची प्रतिकृतीच दिसेल. मूळ पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. तळघराची भुयारं फार अरुंद, आईंना तिथे उतरवू नका.