वलगणीचे मासे : खावेत किती, राखावेत किती?

मृगाचे दोन-तीन जोरदार पाऊस झाले, ओढ्याला गढूळ लोंढा आला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावांत रात्री बॅटऱ्या घेऊन माणसे पाण्याकडे निघतात. कोणी पाग फेकतो, कोणी बांधाच्या तोंडाशी खोईन लावतो. हीच वलगण. घरातील धान्य आटत आलेले आणि भाजीपाला महाग, अशा दिवसांत ही मासळी कातकरी, ठाकर, महादेव कोळी, कुणबी अशा कुटुंबांना मोठा आधार देते. म्हणून वलगण बंद करा, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. परंतु वलगणीला सापडणारा मासा हे पुढील वर्षाचे बियाणे आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. बियाण्याची कणगी फोडून कोणी भाकरी करीत नाही.

मासे का चढतात?

उन्हाळाभर मासे नदीच्या डोहात किंवा धरणाच्या खोल पाण्यात राहतात. पहिल्या पुराने पाणी थंड व गढूळ होते, प्रवाह वाढतो आणि काठची गवताळ जमीन व भातखाचरे पाण्याखाली जातात. अंडी घालण्यास हीच योग्य वेळ असल्याने पोटात अंडी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. उथळ, गवताळ पाण्यात पिलांना सूक्ष्म खाद्य भरपूर मिळते. पाणी ओसरू लागले की वाढलेली पिले पुन्हा नदीत उतरतात.

रोहू, कटला व मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियुष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे आज या जातींचे बीज विकत मिळते. पण ओढ्यातील शिवडा, शिंगटा, खवली यांचे बीज आपल्याला कोणी आणून देत नाही. ते निसर्गातच तयार व्हावे लागते.

एका मादीचा हिशेब

रोहूच्या एक किलो वजनाच्या मादीच्या पोटात साधारणपणे 1 ते 2 लाख अंडी असतात. दीड लाख अंड्यांपैकी हजारात एकच पिलू जगून मोठे झाले असे धरले, तरी 150 मासे होतात. म्हणजे अंडी घालण्याआधी मारलेली एक मादी ताटात एक किलो देते आणि नदीतून 150 मासे काढून नेते.

धरणांमुळे वाढलेली जबाबदारी

तानसा धरण 1892 मध्ये पूर्ण झाले. पुढे वैतरणा, भातसा व बारवी या नद्यांवरही धरणे झाली. खालच्या अंगाचा मासा धरणाची भिंत ओलांडून वर जाऊ शकत नाही. त्यामुळे जलाशयाला मिळणारे लहान ओढे आणि काळूसारख्या नद्यांचे ओहोळ हीच माशांची उरलेली बाळंतिणीची खोली आहे. तेथेच वाट अडवली तर जलाशयही हळूहळू रिकामा होतो.

काय करावे?

1. ओढ्याची पूर्ण रुंदी जाळ्याने किंवा बांधाने अडवू नये. निम्मी वाट मोकळी ठेवावी.

2. पुराचे पहिले दोन-तीन दिवस मासे वर जाऊ द्यावेत. मासेमारी नंतर करावी.

3. पोट फुगलेले व मऊ, गुदद्वार लालसर असलेली मादी जिवंत असेल तर सोडून द्यावी. पोट दाबल्यावर दुधासारखा द्रव येणारा नर असतो.

4. मरळ नर-मादी आपल्या पिलांची राखण करतात. पिलांच्या थव्यासोबतचा मरळ मारू नये. पालक गेले की थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

5. मच्छरदाणीसारख्या बारीक आसाच्या जाळ्याने बोटभर पिले गाळून काढू नयेत.

6. सुरुंग, ब्लिचिंग पावडर किंवा कीटकनाशक यांचा वापर कधीही करू नये. पाण्यात स्फोटके व विष वापरण्यास 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच बंदी घातली आहे. शिवाय तेच पाणी गुरे व माणसे पितात.

7. खाचरात फवारणी केल्यास ते पाणी लगेच ओढ्यात सोडू नये.

इतरत्र काय करतात?

हिमाचल प्रदेशातील बर्फाळ नद्यांत ट्राउट मासा थंडीत वितो. म्हणून तेथे ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद ठेवतात. त्याच राज्यातील गोविंदसागर जलाशयात रोहू-कटलासारखे मासे आहेत; तेथे पावसाळ्यात दोन महिने बंदी असते. मासा बदलला की बंदीचा हंगाम बदलतो, तत्त्व मात्र एकच राहते.

आपल्याकडे यासाठी फार खर्च नाही. मे महिन्यातच वाडी-पाड्यांतील मंडळींनी एकत्र बसून गावातील एक ओढा राखीव ठरवावा. बाकीच्या ओढ्यांवर वलगण जरूर करावी. राखलेला ओढाच पुढल्या मृगात सर्वांच्या ताटात मासा घालील.