सर, रेको द्याल का?

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या हॉस्टेलमध्ये दोनच विषय असतात, सबमिशन आणि रेको. रेको म्हणजे शुद्ध मराठीत शिफारसपत्र. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे हा शब्द मला इथे येऊन कळला. आणि 'शिफारस' म्हटलं की निम्म्या लोकांना 'वशिला' ऐकू येतो, हेही इथेच कळलं. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. वशिला लावायचा तर माणूस जितका मोठा तितका बरा. पण युनिव्हर्सिटीला हवी असते साक्ष, आणि साक्षीदार जे पाहिलं तेवढंच सांगू शकतो. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

१) कोणाकडे मागावं?

अमेरिकेत एम.एस.साठी बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात. पत्र देणाऱ्याला ऑनलाइन फॉर्मवर विचारतात, या विद्यार्थ्याला किती दिवस आणि कशा संदर्भात ओळखता? पुष्कळ फॉर्ममध्ये तक्ताही असतो: तुम्ही शिकवलेल्यांमध्ये हा वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत? ज्या मोठ्या सरांनी आपल्याला फक्त गॅदरिंगला बक्षीस घेताना पाहिलंय, ते बिचारे इथे काय भरणार?

माझंच उदाहरण देते. यंदा समर प्रोजेक्टसाठी मला पत्र हवं होतं. मी लॅबच्या मॅडमकडे गेले. त्यांच्या विषयात मी काही टॉपर नाही. पण विन ब्रिज ऑसिलेटरच्या प्रॅक्टिकलला आमच्या टेबलवर स्क्रीनवर नुसती सरळ रेघ येत होती. या सर्किटला ॲम्प्लिफायरचा गेन निदान ३ लागतो, कमी पडला तर ऑसिलेशन टिकत नाही. कागदावर २० आणि १० किलो-ओहमने गेन बरोबर ३ येतो, पण सोनेरी पट्ट्याचा रेझिस्टर ५ टक्के इकडे-तिकडे असू शकतो. मी दोन्ही मोजले, मोठा कमी भरला. त्याच्या जागी पॉट लावून हळूच फिरवला आणि साइन वेव्ह आली. मॅडम मागे उभ्या होत्या. पत्र मागितल्यावर म्हणाल्या, "मार्क तुझ्या मार्कशीटवर आहेतच. मी त्या दिवसाचं लिहीन."

म्हणून तुमचा असा एखादा दिवस ज्यांनी पाहिलाय, त्यांच्याकडे जा. प्रोजेक्ट गाइड, लॅबचे सर, सेमिनार घेणाऱ्या मॅडम, कोणीही चालेल.

२) केव्हा आणि कसं?

अमेरिकेतल्या फॉल ॲडमिशनच्या तारखा मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत असतात. नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे ओरल, परीक्षा आणि पेपर तपासणी. म्हणून निदान महिनाभर आधी विचारा. दोन लेक्चरच्या मधे कॉरिडॉरमध्ये गाठू नका. वेळ मागून केबिनमध्ये जा. "सर, रेको द्याल का?" यापेक्षा "सर, पत्र लिहिण्याइतकं माझं काम तुम्हाला माहीत आहे असं वाटतं का?" असं विचारलेलं बरं. त्यात सरांना नाही म्हणायला जागा राहते. कोमट पत्रापेक्षा सरळ नकार परवडला, कारण दुसरीकडे जायला वेळ मिळतो. सर-मॅडमनाही विनंती, नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण लवकर म्हणा.

३) सोबत काय न्यावं?

एका फाइलमध्ये बायोडेटा, मार्कशीटच्या प्रती, एस.ओ.पी.चा मसुदा, तारखांसकट युनिव्हर्सिट्यांची यादी आणि एक पान मुद्दे: तुमच्याकडे अमुक सेमिस्टरला अमुक काम केलं, त्यात माझा वाटा एवढा. साठ जणांच्या वर्गात सरांना सगळं आठवेलच असं नाही.

४) "तूच लिहून आण, मी सही करतो"

हे वाक्य पुष्कळांनी ऐकलं असेल. सरांचाही नाइलाज असतो, एकेका सीझनला केवढी पत्रं! पण आपणच लिहिलेली तीन पत्रं एकाच हातची वाटतात. तिन्हींत तेच 'सिन्सिअर' आणि 'हार्डवर्किंग'. शिवाय स्वतःबद्दल लिहायला लाज वाटते, त्यामुळे खरं चांगलं तेच राहून जातं. अशा वेळी नम्रपणे म्हणा, "सर, मुद्दे मी लिहून आणते, शब्द तुमचे असू द्या." सरांच्या नावाने खोटा ई-मेल आयडी काढून फॉर्म भरणं ही तर सरळ फसवणूक. पकडलं गेलं तर मिळालेली ॲडमिशनही जाऊ शकते.

५) गुप्ततेचा चौकोन

अमेरिकन फॉर्मवर विचारतात, हे पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? तिथल्या १९७४ च्या 'फेर्पा' कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली फाइल पाहता येते, म्हणून हा प्रश्न. हक्क सोडला की सर मोकळेपणी लिहितात आणि वाचणाऱ्याचाही विश्वास बसतो. साक्षीदारावर भरवसा नसेल, तर त्याला बोलवावंच कशाला?

शेवटचं, निकाल लागला की सरांना जाऊन सांगा. ॲडमिशन मिळाली तर पेढे न्या, नाही मिळाली तरी जा. आणि सेकंड इयरवाल्यांनो, तुमचं पत्र आत्ताच लिहिलं जातंय, लॅबमध्ये. ऑल द बेस्ट!