आधी पक्के केमिस्ट व्हा, मग फॉरेन्सिककडे वळा

बारावीचा निकाल लागला की "मला फॉरेन्सिक करायचंय" म्हणणारी मुलं आता केवळ मुंबई-पुण्यात नाही, तालुक्याच्या गावीही भेटतात. आईवडिलांच्या मनात लगेच दोन शंका येतात. पुढे नोकरी मिळेल का? आणि गुन्हेगारीशी आपल्या लेकराचा संबंध कशाला? दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचं उत्तर द्यायचं तर आधी हे काम काय आहे ते नीट समजून घ्यायला हवं. फॉरेन्सिकच्या शाखा बऱ्याच आहेत. डीएनए, सायबर, बॅलिस्टिक, विषशास्त्र अशी ही यादी लांबते. इथे त्यातली एकच घेऊ: फॉरेन्सिक केमिस्ट्री, आणि तिच्यातही अमली पदार्थांची ओळख पटवण्याचं काम.

एका अहवालावर काय अवलंबून असतं?

अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा १९८५चा. या कायद्यात शिक्षा ठरते ती पदार्थ कोणता आणि किती यावरून. वर्तमानपत्रात रोज 'एमडी' म्हणून वाचतो ते मेफेड्रोन २ ग्रॅमपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक. हेरॉइनसाठी हेच आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, तर गांजासाठी १ किलो आणि २० किलो आहेत. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा, तर व्यावसायिक प्रमाणाला किमान १० आणि कमाल २० वर्षांची सक्तमजुरी. शिवाय जामीन मिळणं महाकठीण.

आता विचार करा. पोलिसांनी १०० ग्रॅम पांढरी पावडर पकडली. ती मेफेड्रोन असेल तर एका तरुणाची किमान १० वर्षं गेली. ती हेरॉइन असेल तर व्यावसायिक प्रमाण भरतच नाही. आणि ती नुसती तुरटी किंवा ग्लुकोज असेल तर तो निर्दोष. पावडरीकडे बघून हे ना पोलिसांना सांगता येतं, ना वकिलाला, ना न्यायाधीशांना. सांगतो तो प्रयोगशाळेतला रासायनिक विश्लेषक. म्हणूनच महाराष्ट्रातल्या कोर्टात या अहवालाला आजही 'सीए रिपोर्ट' म्हणतात. सीए म्हणजे केमिकल ॲनालायझर.

हे काम किती जिवंत आहे हेही पाहा. २०१५च्या फेब्रुवारीपर्यंत मेफेड्रोन एनडीपीएसच्या यादीतच नव्हतं. मुंबईत ते पोरांच्या हाती पोचलं होतं आणि कायद्याचे हात बांधलेले होते. ते यादीत आलं तेव्हा प्रयोगशाळांना ते ओळखण्याची शास्त्रीय पद्धत पक्की करावी लागली. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतून एमडीचा मोठा साठा पकडला. असा माल बनवायला रसायनशास्त्र लागतं, आणि तो ओळखायलाही रसायनशास्त्रच लागतं.

पुडी प्रयोगशाळेत येते तेव्हा

पोलीस ठाण्यातून हवालदार सीलबंद पाकीट, सोबतचं पत्र आणि सीलच्या ठशाचा नमुना घेऊन येतो. पाकिटावरचा लाखेचा ठसा नमुन्याशी जुळतो का, सील शाबूत आहे का, पत्रातलं वर्णन आणि आतला माल एकच आहे का, हे आधी तपासलं जातं. मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाच्या हाती कधी गेला याची नोंद एका जागी जरी तुटली तरी पुढचं सगळं शास्त्र वाया जातं. जप्त मालातून नमुने काढण्याचं काम मॅजिस्ट्रेटसमोर होतं. बहुतेक पदार्थांचे ५ ग्रॅमचे नमुने घेतात. गांजा, चरस आणि अफू यांचे २४ ग्रॅमचे.

मग येते रंगचाचणी. पोर्सेलीनच्या खळगेदार ताटलीत चिमूटभर पावडर घ्यायची आणि तिच्यावर अभिकर्मकाचा थेंब टाकायचा. मार्क्विस अभिकर्मकात, म्हणजे फॉर्माल्डिहाइड आणि संहत सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात, हेरॉइन जांभळं होतं आणि ॲम्फेटामाइन नारिंगी-तपकिरी. कोबाल्ट थायोसायनेटमुळे कोकेनला निळा रंग येतो. नवख्या मुलांना इथेच "सापडलं!" असं वाटतं. पण खोकल्याच्या औषधात वापरलं जाणारं डायफेनहायड्रामिनही कोबाल्ट थायोसायनेटला निळाच रंग देतं. म्हणून रंगचाचणी फक्त दिशा दाखवते. तिच्यावर कोणाला दोषी ठरवता येत नाही.

नक्की ओळख पटवायला यंत्रं लागतात. त्यातलं सर्वांत कामाचं जीसी-एमएस, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री. त्यात नमुना वायुरूपात केसासारख्या बारीक आणि पुष्कळ मीटर लांब नळीतून जातो. मिश्रणातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. मग प्रत्येक घटकाच्या रेणूंवर इलेक्ट्रॉनचा मारा होतो, रेणू तुटतात आणि यंत्र त्या तुकड्यांची वस्तुमानं नोंदवतं. मेफेड्रोनचा सगळ्यात ठळक तुकडा ५८चा, आणि त्याच्यासोबत ११९ आणि ९१चे.

इथे बारावीचं पुस्तक पुन्हा उघडावं लागतं. बेंझीनच्या कड्यावर मिथाइल गट पॅरा जागी असेल तर तो मेफेड्रोन. तोच गट ऑर्थो किंवा मेटा जागी असेल तर रेणू निराळा, पण वस्तुमान तेच आणि तुकडेही जवळपास तेच. मेथॅम्फेटामाइनचा आणि सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रीनचा ठळक तुकडाही ५८चाच असतो. नुसता ५८ पाहून अहवाल लिहिणारा माणूस एखाद्या निरपराधाला आत पाठवू शकतो. म्हणून विश्लेषक नळीतून बाहेर पडण्याची वेळ खात्रीच्या प्रमाण नमुन्याशी ताडून पाहतो आणि जोडीला इन्फ्रारेड वर्णपटही काढतो. वर्णपटात ऑर्थो, मेटा आणि पॅरा यांचे ठसे वेगळे दिसतात. परस्परांहून भिन्न तत्त्वांवर चालणाऱ्या किमान दोन पद्धतींनी एकच उत्तर आलं पाहिजे, हा या क्षेत्रातला जगभर मानला जाणारा दंडक आहे.

गांजाची तऱ्हा वेगळी. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पानावरचे वाकड्या नखीसारखे केस पाहतात, मग रंगचाचणी आणि क्रोमॅटोग्राफी. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं किंवा बिया आल्या तर त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे इथे विश्लेषकाला रसायनाबरोबर वनस्पती आणि कायद्याचं कलमही कळावं लागतं.

स्वभाव जुळतो का?

टीव्हीवर एका भागात खुनी सापडतो. प्रत्यक्षात नमुन्यांची रांग असते, प्रत्येकाची नोंदवही असते, आणि २०२२च्या एनडीपीएस नियमांनुसार नमुना मिळाल्यापासून १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. एकच चाचणी शंभर वेळा तितक्याच काळजीने करण्याची तयारी हवी. बचाव पक्षाच्या वकिलाने उलटतपासणीत "तुम्ही त्या दिवशी यंत्राचं कॅलिब्रेशन केलं होतं का?" असं विचारल्यावर शांतपणे नोंद दाखवता आली पाहिजे.

सर्वांत मोठी कसोटी सचोटीची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अमली पदार्थ प्रयोगशाळेत ॲनी डूखन या केमिस्टने वर्षानुवर्षं काही नमुने न तपासताच 'पॉझिटिव्ह' म्हणून लिहिले. तिच्या कामाचा झपाटा पाहून वरिष्ठ खूश होते. २०१२ मध्ये प्रकरण उघड झालं, तिला तुरुंगवास झाला, आणि २०१७ मध्ये २१ हजारांहून अधिक खटले रद्द करावे लागले. त्यात निरपराध सुटले, तसे खरे गुन्हेगारही सुटले. 'अमली पदार्थ आढळला नाही' असं लिहिण्याचं धैर्य आणि 'आढळला' असं लिहिण्याचा पुरावा, दोन्ही सारखेच मोलाचे आहेत. ज्याला आकडा मनासारखा आणण्याचा मोह होतो, त्याने या वाटेला जाऊ नये.

पदवी कोणती घ्यावी?

इथे माझा आग्रह ठाम आहे. पाया रसायनशास्त्राचाच असू द्या. बारावी विज्ञान, मग बीएस्सी केमिस्ट्री, मग ॲनालिटिकल किंवा ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी, नाहीतर फॉरेन्सिक सायन्समध्ये एमएस्सी. रासायनिक विभागातल्या भरतीच्या जाहिराती नीट वाचल्या की दिसतं, तिथे रसायनशास्त्राच्या पदवीला मान आहे. नुसत्या 'फॉरेन्सिक' नावाच्या पदवीत सगळ्याच विषयांची थोडी थोडी ओळख होते आणि हातात यंत्र बसत नाही, असंही घडतं. शिवाय सरकारी जागा निघायला वेळ लागला तर केमिस्ट्रीवाल्याला औषध कंपनीचं दार उघडं असतं.

फॉरेन्सिकचीच पदवी घ्यायची असेल तर संस्था पारखून घ्या. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. केंद्र सरकारचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ गांधीनगरला आहे, आणि गोव्यातही त्याचं संकुल आहे. तिथला प्रवेश एनएफएटी परीक्षेतून होतो. खासगी महाविद्यालय असेल तर प्रवेशाआधी तीनच प्रश्न विचारा: तुमच्याकडे स्वतःची चालू स्थितीतली जीसी, एचपीएलसी, एफटीआयआर ही यंत्रं आहेत का? विद्यार्थी ती स्वतः हाताळतात का? केमिस्ट्रीचे तास किती? उत्तर आडवळणाचं आलं तर फी भरू नका.

नोकऱ्या कुठे आहेत?

महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचं मुख्यालय मुंबईत कलिना इथे आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूरला प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. भरती वैज्ञानिक सहायकापासून सुरू होते. वरच्या पदांसाठी एमपीएससीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. केंद्राच्या प्रयोगशाळांपैकी एक पुण्यात आहे. कस्टम्ससाठी काम करणाऱ्या केंद्रीय महसूल नियंत्रण प्रयोगशाळेच्या शाखा मुंबई आणि न्हावा शेवा बंदराकडे आहेत, आणि बंदरातून येणारा संशयित माल तिथे तपासला जातो. अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा, खेळाडूंची उत्तेजक चाचणी आणि अध्यापन या वाटाही आहेत.

मागणी वाढेल असं म्हणायला ठोस कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं आहे. राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. मात्र कायदा झाला म्हणून उद्याच जागा भरल्या जातील असं समजू नका. सरकारी भरतीला वर्षं लागतात. तोवर औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण (क्यूसी) विभागात एचपीएलसीवर केलेलं काम फुकट जात नाही. यंत्रं तीच, नोंदीची शिस्तही तीच.

पालकांच्या शंका

"गुन्हेगार सूड घेतील का?" विश्लेषकाचा आरोपीशी थेट संबंध जवळजवळ येत नाही. त्याच्यासमोर असतो तो क्रमांक टाकलेला नमुना. सरकारी तज्ज्ञांचा अहवाल कोर्टात पुरावा म्हणून थेट दाखल होऊ शकतो, आणि कोर्टाने बोलावलं तरच साक्षीला जावं लागतं. जावं लागलं तर तो कामाचाच भाग आहे, त्याची तयारी ठेवावी.

"मुलीला जमेल का?" डॉ. रुक्मिणी कृष्णमूर्ती १९७४ मध्ये मुंबईच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत रुजू झाल्या आणि पुढे राज्याच्या प्रयोगशाळा संचालनालयाच्या संचालक झाल्या. हा प्रश्न अर्ध्या शतकापूर्वीच निकालात निघाला आहे.

"अंगाला अपाय होईल का?" सगळीच रसायनं काळजीने हाताळायची असतात. हातमोजे, फ्यूमहूड, डोळ्यांवर चष्मा आणि कामाची शिस्त असेल तर धोका आटोक्यात राहतो. बेफिकीर माणसाला कुठलीच प्रयोगशाळा सुरक्षित नसते.

"पैसा मिळेल का?" सरकारी नोकरीत पगार वेतन आयोगाप्रमाणे, निवृत्तीपर्यंत स्थैर्य, पण झटपट श्रीमंती नाही. हे मुलाला आजच स्पष्ट सांगा.

आतापासून काय करावं?

अकरावी-बारावीत ऑरगॅनिक केमिस्ट्री पाठ करू नका, समजून घ्या. आयसोमर म्हणजे काय हे ज्याला खरंच कळलं, त्याला अर्धं काम कळलं. प्रात्यक्षिकाची वही स्वतः लिहा. आलेला आकडा चुकला तर खोडू नका, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा आणि सही करा. ही सवय पुढे कोर्टात वाचवते. बीएस्सीला असताना सुट्टीत एखाद्या औषध कंपनीत किंवा प्रयोगशाळेत महिनाभर यंत्राशेजारी उभं राहायला मिळतं का ते बघा. इंग्रजीत अहवाल लिहिता यायला हवा आणि कोर्टात मराठीतून तो समजावताही यायला हवा, तेव्हा दोन्ही भाषा घासून ठेवा.

पालकांनी एवढंच करावं: मुलाला मालिका आवडते की केमिस्ट्री आवडते, हे आधी ओळखावं. मालिका आवडत असेल तर ती हौस पुरेशी नाही. केमिस्ट्री आवडत असेल, चिकाटी असेल आणि खोटं लिहिताना हात थरथरत असेल, तर त्याला अडवू नका. पकडलेली प्रत्येक पुडी खरी काय आहे हे कोणाच्या दबावाशिवाय सांगणारी माणसं या राज्याच्या न्यायव्यवस्थेला हवी आहेत, आणि ती तुमच्या-आमच्या घरांतूनच यायची आहेत.