भरलेली डिक्की आणि बैहरचा घाट

बालाघाटहून गोंदियाला जा, वारासिवनीला जा, नाहीतर लालबर्ऱ्याला. रस्ता बहुतेक सपाटच. दोन्ही बाजूंना धान, मधे एखादं गाव, गाव आलं की स्पीड ब्रेकर. या रस्त्यांवर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. गाडीचा खरा स्वभाव कळतो तो बैहरच्या वाटेवर. भरवेलीची मँगनीजची खाण मागं पडली, की पुढं गांगुलपाऱ्याचा घाट लागतो. सागाचं आणि बांबूचं जंगल, वळणापलीकडचं काही दिसत नाही, आणि समोरून कधीही भरलेला टिपर येऊ शकतो.

माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. गाडी स्टँडवर चढली, की ती कशी चालवली गेली हे मालकाला विचारावं लागत नाही. हवा कमी ठेवली तर टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त भरली तर मधोमध. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल, बिघडला असेल तर नक्षीवरून हात एका दिशेनं गुळगुळीत फिरतो आणि उलट्या दिशेनं खरखरतो. पण पुढच्या दोन्ही टायरांचा फक्त बाहेरचा खांदा घासला असेल, आणि मशीनवर सगळे आकडे बरोबर येत असतील, तर समजायचं की गाडी वळणात जोरात घातली जाते आणि नाक बाहेर ढकलत जाते. मालक मात्र ठामपणे सांगतो, ‘अलाइनमेंटच गेलंय.’ असे टायर अलीकडे जास्त दिसतात, कारण दीडशे अश्वशक्तीच्या टर्बो सेडान आता आपल्याकडेही आल्या आहेत. त्या घेणारी पोरं पंचविशी-तिशीतली. गाडी घेताना त्यांच्या डोक्यात कूपे असते आणि घरच्यांसाठी चार दारं हवी असतात. म्हणून स्पोर्ट सेडान.

कूपे म्हणजे काय, याचाही जरा गोंधळच आहे. दोन दारं आणि उतरतं छप्पर एवढ्यावरून गाडी रस्ता जास्त पकडत नाही. बीएमडब्ल्यूच्या नव्या ३ सिरीज सेडानचा आणि ४ सिरीज कूपेचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, अगदी सारखा आहे, २८५१ मिलिमीटर. फरक पडतो तो उंचीत. कूपे सुमारे पाच सेंटिमीटर बुटकी. त्यामुळे वजनाचा मध्य थोडा खाली जातो आणि वळणात गाडी कमी झुकते. २०१६ साली भारतात आलेल्या मस्टँगचा व्हीलबेस २७२० आहे, म्हणजे चाकणला बनणाऱ्या व्हर्टस सेडानच्या २६५१ पेक्षा जास्तच. ऑडी टीटी मात्र खरोखर आखूड, २५०५. आता तर कंपन्या चार दारांच्या गाडीलाही कूपे म्हणतात आणि उंच एसयूव्हीलाही. छप्पर उतरतं केल्यानं मागं बसणाऱ्याचं डोकं टेकतं, बाकी हाताळणीत काडीचा फरक नाही.

खरा फरक चालवणाऱ्याला काय आणि कधी कळतं, यात आहे. कान्हाला निघालेल्या एका नागपूरकराची दोन दारांची छोटी कूपे दुकानात आली होती. काम झाल्यावर मी ती रस्त्यावर फिरवून पाहिली. बसायची जागा जमिनीलगत, आणि मागची चाकं जणू पाठीलाच चिकटलेली. रस्त्यावरचा खडा न् खडा अंगाला कळत होता. चाळिसावर असताना साठावर असल्यासारखं वाटायचं, त्यामुळे पाय आपोआप उचलला जायचा. सेडानचं उलटं. व्हीलबेस लांब, बसण्याची जागा उंच, काचा जाड, मागची चाकं दूर. साठावर ती चाळिसासारखी वाटते. लांब गाडी वळायला थोडी सुस्त असते आणि ब्रेक दाबल्यावर नाक कमी बुडतं, म्हणून ती भरवशाची वाटते. असतेही भरवशाची. पण मर्यादा जवळ आली हे ती उशिरा सांगते, आणि तोवर फार काही करायला उरलेलं नसतं.

हे मी मागच्या सीटवरून पाहिलंय. दिवाळीनंतर आम्ही बैहरच्या नातलगांकडून परत येत होतो. गाडी भाच्याची, सहा महिन्यांपूर्वी घेतलेली. पुढं तो आणि सूनबाई. मागं मी, माझी बायको आणि बहीण. डिक्कीत बॅगा आणि नव्या चिन्नोर तांदळाचं पोतं. उतार लागला तशी त्यानं गाडी दाबली.

मी म्हटलं, ‘भाचेबुवा, जरा हळू.’

‘मामा, काही नाही होत, गाडी रोड सोडत नाही.’

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, तेव्हा रागावणंही बेतानंच. पुढच्याच डाव्या वळणाच्या ऐन मध्यावर समोरून टिपर आला, अर्ध्याहून जास्त रस्ता व्यापून. भाच्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढला आणि ब्रेक दाबला. गाडीची मागची बाजू बाहेर फेकली गेली. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला, पायाखाली थरथर झाली, स्टॅबिलिटी कंट्रोलनं आपलं काम केलं आणि आम्ही डाव्या कडेच्या मुरमात थांबलो. टिपरवाल्यानं थांबून विचारपूस केली. कोणाला खरचटलंही नाही. बहीण तेवढी गोंदियापर्यंत बोलली नाही.

गाडीत बिघाड नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ती स्वतः स्टँडवर घेतली. झालं ते असं. साडेबाराशे किलोच्या आसपासची गाडी. तीत पाच माणसं आणि सामान मिळून चारशे किलोची भर, म्हणजे जवळपास एक तृतीयांश, आणि त्यातलं बरंचसं मागच्या चाकांवर. उलार झालेली बैलगाडी पुढून हलकी होते, तसं इथंही काही अंशी होतं. सपाट रस्त्यावर स्टेअरिंग जरा सैल वाटतं, चढावर नाक बाहेर जातं. पण उतारावर, वळणात, पाय अचानक काढला की सगळं वजन पुढं झेपावतं. मागच्या टायरांवरचा दाब कमी होतो, पण मागचे ते तीन जण आणि पोतं आपल्याच वेगानं सरळ जाऊ पाहतात. आखूड कूपे अशा वेळी आणखी लवकर फिरली असती, हे खरं. पण तिच्या मागच्या सीटवर तिघं बसलेच नसते, आणि पोतं मावलं नसतं. स्पोर्ट सेडानच्या ज्या चाचण्या आपण पाहतो, त्यांत गाडी बहुधा रिकामी असते, आत फार तर दोघं.

वेगाचा हिशोबही एकदा कागदावर मांडून पाहा. तीस मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ४० किलोमीटरला टायरवर आडवा ताण येतो गुरुत्वाच्या सुमारे ०.४२ पट. ५० ला ०.६६. साठला ०.९४. चांगला टायर कोरड्या, स्वच्छ डांबरावर साधारण एवढ्यावरच हात टेकतो. ओल्या रस्त्यावर त्याच्या बऱ्याच आधी. वेग दीडपट केला की ताण सव्वादोनपट होतो, आणि ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतरही त्याच पटीत वाढतं. घाटात तर टिपरमधून सांडलेला चुरा, सागाची ओली पानं, कडेची गिट्टी असतेच. जूनच्या पहिल्या पावसात या चुऱ्याचं काळं कालवण होतं. त्यावर दोन दारं काय आणि चार काय.

म्हणून वेग कमी करायचा तो वळणाआधी, सरळ रस्त्यावर. गिअरही तिथंच खाली घ्यायचा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाका, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. वळणात शिरल्यावर ॲक्सिलरेटर हलकाच, पण एकसारखा धरा. समोर काही आलंच तर पाय हळूहळू काढा. मागची बाजू सुटली तर नजर टिपरवर नको, जिकडे जायचं तिकडे हवी. हात नजरेच्या मागोमाग जातात. स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करायचं बटण काही गाड्यांत असतं. घाटात त्याला बोट लावू नका. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. भरलेला टिपर चढावर एकदा थांबला की पुन्हा उचलताना काय होतं, ते त्या ड्रायव्हरला विचारा.

भरल्या गाडीसाठी टायरची हवा वेगळी असते. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो, बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांसाठी बराच जास्त. तो पाहणारा गिऱ्हाईक क्वचितच भेटतो. जड पोतं डिक्कीत सर्वांत आत, सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, दाराजवळ नको. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतली ओल पितं आणि तापलं की पेडल खोल जातं.

ज्यांना गाडी दाबायचीच आहे त्यांच्यासाठी जागा आहेत. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, आणि ग्रेटर नोएडाला २०११ पासून सव्वापाच किलोमीटरला थोडं कमी लांबीचं बुद्ध सर्किट. तिथं समोरून टिपर येत नाही. भाच्याला मी तेच सुचवलं. त्यानं अजून नाव नोंदवलेलं नाही, पण हवा मात्र आता भराच्या आकड्यावर मागतो.

घाट उतरून भरवेलीपाशी आलात, की एकदा थांबा. चाकाजवळ उभं राहा, डिस्कला हात लावू नका. जळकट वास येत असेल तर हँडब्रेक न ओढता, सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून, किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवून, चाकाला दगड लावा आणि चहा होईपर्यंत तिला गार होऊ द्या.